आपली गोष्ट कोण टिपणार?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी मला विषय दिला होता, 'संगणक क्षेत्रातील करिअरच्या संधी'. मी म्हटलं, बाप्पा, समोर बसलेली सगळी जण पंचेचाळिशीच्या आसपासची, त्यांना आता करिअरच्या संधी सांगून काय उपयोग! त्यापेक्षा आपल्या ग्रुपवर दर शनिवारी जो प्रश्न येतो त्यावर बोलू द्या. प्रश्न असा, 'काही चांगलं पाहण्यासारखं सांग ना.' मालिका, सिनेमे सगळेच सांगतात. मी सांगते ते माहितीपट. म्हणून आज वीस-पंचवीस मिनिटं माझ्या आवडत्या माहितीपटांबद्दल बोलणार आहे. शेवटी एक मागणी आहे, ती मात्र ऐकून जा.

'माहितीपट' म्हटलं की आपल्यापैकी निम्म्यांच्या डोळ्यांवर झोप येते, हे मला ठाऊक आहे. आपल्या लहानपणी माहितीपट म्हणजे सिनेमाच्या आधी दाखवायचे ती काळी-पांढरी रिळं. राजुऱ्याला किंवा चंद्रपूरला सिनेमाला गेलो की फिल्म्स डिव्हिजनचा धरणाचा नाहीतर कुटुंबनियोजनाचा पट आधी सोसायचा आणि मग खरा सिनेमा. तेव्हा जिवती तालुकाही नव्हता, आपण राजुऱ्यातच मोडत होतो. टीव्ही गावात मोजक्या घरी. रविवारी त्या घरांत 'सुरभि' लागायचं. सिद्धार्थ काक आणि रेणुका शहाणे देशाच्या कुठल्यातरी कोपऱ्यातली कला, देऊळ, नाच दाखवायचे आणि शेवटी प्रश्न विचारायचे. आपल्या वर्गातल्या किती जणांनी पोस्टकार्डं पाठवली असतील! उत्तर बरोबर असूनही कोणाचा नंबर लागला नाही, तो भाग वेगळा. आपण त्याला माहितीपट म्हणत नव्हतो, पण होता तो तोच प्रकार.

त्याच फिल्म्स डिव्हिजननं १९६७ मध्ये 'आय अ‍ॅम ट्वेंटी' नावाचा एक छोटा पट काढला. दिग्दर्शक एस. एन. एस. शास्त्री. स्वातंत्र्याच्या वर्षी जन्मलेली, म्हणजे तेव्हा विशीत आलेली मुलं-मुली देशभरातून निवडली आणि त्यांना विचारलं, तुम्हाला काय वाटतं देशाबद्दल, स्वतःबद्दल? कोणी स्वप्नं सांगतं, कोणी सरळ सांगतं की मला देशाचं काही पडलेलं नाही. सरकारी संस्थेनं सरकारी पैशानं हे काढलं आणि दाखवलं. यूट्यूबवर आहे, जेमतेम वीस मिनिटांचा. डोळ्यांवरची झोप उडवायला इथून सुरुवात करा.

आता आजच्या दिवसाला सगळ्यात शोभणारी मालिका सांगते. १९६४ मध्ये इंग्लंडच्या ग्रॅनाडा टेलिव्हिजननं सात वर्षांची चौदा मुलं निवडली. काही लंडनच्या महागड्या शाळांतली, काही गरीब वस्तीतली, दोघं अनाथालयातली, एक डोंगरातल्या शेतकऱ्याचा मुलगा. त्यांना विचारलं, मोठेपणी काय होणार? त्या पटाचं नाव 'सेव्हन अप'. मायकेल अ‍ॅप्टेड तेव्हा बाविशीतला पोरगा, मुलं शोधून आणायच्या कामाला होता. पुढं दर सात वर्षांनी तोच कॅमेरा घेऊन त्याच मुलांकडं जात राहिला. चौदा, एकवीस, अठ्ठावीस, असं करत २०१९ मध्ये 'सिक्स्टीथ्री अप' आला. २०२१ च्या जानेवारीत अ‍ॅप्टेड गेले. एका माणसानं पंचावन्न वर्षं एकाच वर्गाची हजेरी घेतली म्हणा ना!

त्यातला निक नावाचा मुलगा मला फार जवळचा वाटतो. यॉर्कशरच्या डोंगरातला, गावात त्याच्या वयाचं दुसरं पोर नाही, शाळा एका खोलीची. ऑक्सफर्डला गेला, भौतिकशास्त्र शिकला, मग अमेरिकेत विस्कॉन्सिनला जाऊन विद्युत अभियांत्रिकीचा प्राध्यापक झाला. पुढं त्याला विचारायचे, घर सोडून गेलास, कसं वाटतं? दर वेळी त्याचं उत्तर थोडं बदललेलं असतं. त्रेसष्टाव्या वर्षी तो कॅन्सरबद्दल शांतपणे बोलतो. २०२३ मध्ये तोही गेला. पुण्यात बसून हे पाहताना मला माणिकगडचे डोंगर दिसत होते, एवढंच सांगते.

दुसरा नील. सात वर्षांचा असताना वर्गातला सगळ्यात हसरा मुलगा. अठ्ठाविसाव्या वर्षी तो स्कॉटलंडमध्ये बेघर होऊन भटकताना सापडतो. पाहणाऱ्याला वाटतं, पुढच्या सात वर्षांनी हा दिसणारच नाही. पण तो लंडनला येतो, आणि त्याला आपल्या घरी ठेवून घेतो कोण? त्याच मालिकेतला ब्रूस, बोर्डिंग स्कूलमधला मुलगा, जो पुढं गणिताचा शिक्षक झाला. नील नंतर नगरसेवक म्हणून निवडून आला. त्या दोघांची एरवी कधी गाठ पडली नसती. एका कॅमेऱ्यासमोर लहानपण गेलं एवढ्या नात्यावर एकानं दुसऱ्याला दार उघडलं. आपल्या वर्गातही असे नील आहेत. आज ते इथं आलेले नाहीत. कोण कुठं आहे ते आपल्याला अंदाजानं माहीत आहे आणि ग्रुपवर त्यांचे नंबर नाहीत. मालिका पाहाल तेव्हा हे आठवेल.

त्या चौदा जणांत मुली फक्त चार होत्या. आपण चूक केली, पुढं बायकांचं आयुष्य किती बदलणार आहे हे तेव्हा डोक्यातच आलं नाही, असं अ‍ॅप्टेड यांनी नंतर उघड सांगितलं. आपल्या दहावीच्या वर्गाचा फोटो स्मरणिकेत छापलाय. त्यातल्या मुली मोजा.

याच धाटणीचं आपल्या देशातलं पाहायचं असेल तर 'डॉटर्स ऑफ डेस्टिनी' पाहा. नेटफ्लिक्सवर आहे, २०१७ चा, चार भाग. तमिळनाडूत शांती भवन नावाची निवासी शाळा आहे. अतिशय गरीब घरातलं एक मूल, वयाच्या चौथ्या वर्षी, आणि एका घरातून एकच. दिग्दर्शिका व्हेनेसा रॉथ यांनी तिथल्या मुलींच्या मागं सात वर्षं कॅमेरा ठेवला. मुली हुशार आहेत, इंग्रजी फाडफाड बोलतात आणि सुट्टीत घरी येतात तेव्हा दगडखाणीवर आई उन्हात बसलेली असते. घरातल्या बाकी भावंडांचं काय, या प्रश्नाचं ओझं त्या एकीच्या डोक्यावर. आश्रमशाळेत राहून शिकलेल्या माझ्या मैत्रिणींना मी हा पट आवर्जून दाखवला. एक जण पाहून झाल्यावर खूप वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "काहून दाखवलं व मले हे?" मग आम्ही रात्री दोनपर्यंत बोलत होतो. बावीस वर्षांच्या मैत्रीत तिनं मला तिच्या धाकट्या बहिणीबद्दल कधी सांगितलं नव्हतं, ते त्या रात्री सांगितलं.

आता आपल्या मातीतले पट. पहिला 'नीरोज गेस्ट्स', २००९, दिग्दर्शिका दीपा भाटिया. विदर्भातल्या शेतकरी आत्महत्या आणि त्या गावोगाव फिरून नोंदवणारे पत्रकार पी. साईनाथ. मुंबईच्या फॅशन वीकमध्ये मॉडेल सुती कपडे मिरवतायत, ते टिपायला शेकडो पत्रकार जमलेत, आणि तो कापूस पिकवणारा माणूस विमानानं तासाभराच्या अंतरावर जीव देतोय, हे साईनाथ त्यात सांगतात. नाव रोमच्या नीरोवरून घेतलंय. त्याच्या बागेतल्या मेजवानीत उजेडासाठी कैदी जाळले, अशी ती कथा. साईनाथांचा प्रश्न नीरोबद्दल नाहीच. ते विचारतात, जेवायला बसलेले पाहुणे कोण होते? आपण सगळे कापूसवाल्यांची लेकरं, आणि आज आपल्यातले बरेच जण पगारदार. हा पट तासाभराचा आहे, पण एका बैठकीत पाहवत नाही.

दुसरा थोडा हलका. 'सुपरमेन ऑफ मालेगाव', फैजा अहमद खान यांचा. मालेगावात दिवसभर यंत्रमाग चालवायचे आणि उरलेल्या वेळात सिनेमे काढायचे, असं वेड असलेली मंडळी. नासिर शेख हे त्यांचे दिग्दर्शक. आधी 'मालेगाव के शोले' काढला, मग ठरलं की सुपरमॅन काढायचा. हिरो शफीक, मागावरचा कामगार, अंगानं काडी. हिरवं कापड मागं लावून त्याला उडवायचं. मध्येच त्याचं लग्न निघतं, म्हणून शूटिंगला सुट्टी. हसून हसून पोट दुखतं. पट सिनेमागृहात लागायच्या आधीच शफीक कॅन्सरनं गेला, हे कळल्यावर ते हसू आठवून गळा दाटतो. यावरून पुढं 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' हा हिंदी सिनेमाही आला. मी म्हणते, आधी मूळ पट पाहा.

तिसरा 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स', २०१६, शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा. महाराष्ट्रातल्या जत्रांत फिरणारे तंबू सिनेमे, गंजलेला ट्रक, कुरकुरणारा प्रोजेक्टर, आणि तो दुरुस्त करण्यात आयुष्य घालवलेला मेकॅनिक. मग डिजिटल आलं आणि रिळं संपली. कान महोत्सवात याचा गौरव झाला. माझी आई बहात्तरच्या दुष्काळानंतर नांदेडकडून इकडं आली. तिनं हा पाहिला आणि अर्ध्यातच सांगू लागली की माळेगावच्या जत्रेत तंबूत किती गर्दी असायची. मी पट थांबवला आणि तिचंच ऐकत बसले.

जंगलाचं काही सांगितलं नाही तर चंद्रपूरचे लोक मला परत पाठवतील. 'द एलिफंट व्हिस्परर्स' तुम्ही बहुतेकांनी पाहिला असेल. कार्तिकी गोन्साल्विस यांचा, मुदुमलईच्या हत्तीकॅम्पमधला, २०२३ मध्ये ऑस्कर मिळालेला. बोम्मन आणि बेल्ली हे कट्टुनायकन आदिवासी जोडपं आणि त्यांनी वाढवलेली पोरकी पिल्लं. चाळीस मिनिटांचा आहे, लहान मुलांना घेऊन बसा. आईचं मत असं पडलं, "हत्तीसंगं एवढं मायेनं बोलायलेत, अन् मला शेळीसंगं बोलताना बघून तू हासतीस." आपल्या शेजारच्या गडचिरोलीत कमलापूरला राज्याचा हत्तीकॅम्प आहे. २०२१ पासून छत्तीसगडकडून रानटी हत्तींचा कळपही गडचिरोलीत वावरतोय. पट पाहिल्यावर पुढच्या सुट्टीत कमलापूरला जाऊन या.

वाघाचे पट ढीगभर आहेत. त्यातला शेखर दत्तात्री यांचा 'द ट्रुथ अबाउट टायगर्स' मला सगळ्यात उपयोगाचा वाटला. २०१० चा आहे आणि यूट्यूबवर फुकट आहे. वाघ कसा जगतो, किती जागा लागते, कशानं मरतो, सरळ समजावून सांगितलंय. बाकीच्या अनेक पटांबद्दल माझी एक तक्रार आहे. त्यात जंगल दिसतं, वाघीण दिसते, बछडे दिसतात, आणि माणूस एकही दिसत नाही. मोहफुलं वेचायला पहाटे गेलेली बाई नाही, जागलीला मचाणावर बसलेला शेतकरी नाही. आपल्या जिल्ह्यात वाघ आणि माणूस एकाच पाणवठ्यावर येतात. दोघांपैकी एकाला चौकटीबाहेर ठेवलं की चित्र सुंदर होतं, पण अर्धंच राहतं.

माझ्या कामाशी जोडलेले दोनच सांगते. 'अल्फागो', २०१७ चा, यूट्यूबवर आहे. २०१६ च्या मार्चमध्ये सोलला संगणकानं 'गो' या खेळात ली सेडॉल या दिग्गजाला चार विरुद्ध एक असं हरवलं. यंत्रापेक्षा हरणाऱ्या माणसाचा चेहरा पाहण्यासाठी हा पट पाहा, आणि त्यानं जिंकलेला तो एक डाव. दुसरा 'कोडेड बायस', २०२०, शालिनी कांतय्या यांचा. जॉय बुओलाम्विनी ही संशोधक मुलगी, सावळ्या वर्णाची. चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला तिचा चेहरा दिसतच नव्हता. पांढरा मुखवटा लावला तेव्हा दिसला. रेशनच्या दुकानात मशीनवर अंगठा उमटत नाही म्हणून परत पाठवलेली म्हातारी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. कष्टानं घासलेला अंगठा कुठल्याही मशीनला दिसत नसेल, तर दोष अंगठ्याचा नसतो. आम्ही प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी हे पाठ करून ठेवावं असं आहे.

आता मागणीकडं येते.

एवढी यादी करताना माझ्या लक्षात आलं की यात जिवती कुठंच नाही. इंग्लंडच्या डोंगरातल्या निकचं सात वर्षांपासून त्रेसष्टपर्यंतचं आयुष्य मी सांगू शकते. पण आपल्या डोंगरातल्या, एखाद्या कोलामगुड्यावर जन्मलेल्या माणसाचं?

तसं पाहिलं तर आपल्या शेजारी एक कॅमेरा आला होता. डोंगराच्या पलीकडं, तेव्हाच्या निजामाच्या आदिलाबादेत, क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ नावाचे ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ १९४० च्या दशकात मारलवाई या गोंड गावात राहिले. कुमराम भीम मारले गेले त्यानंतरचा तो काळ. त्यांनी राजगोंडांवर जाडजूड ग्रंथ लिहिला, हजारो फोटो काढले, फिल्म घेतली. पत्नी बेटी बरोबरीनं काम करत. त्या दोघांच्या समाध्या मारलवाईत आहेत. तो सगळा संग्रह लंडनच्या विद्यापीठात जपून ठेवलाय. म्हणजे पलीकडच्या गोंडांचे आजोबा-पणजोबा लंडनमध्ये सुखरूप आहेत, आणि अलीकडचे आपल्या आठवणीत. आठवण किती पुरते?

जरा मोजा. गोंडी आणि कोलामी बोलणारी आपली म्हातारी माणसं. दुष्काळात बैलगाडीनं, पायी, मराठवाड्यातून इथं आलेली पिढी. तांड्यावरच्या आज्या. परमडोली, मुकदमगुड्याकडची ती चौदा गावं, जिथं दोन राज्यांची रेशनकार्डं एकाच पत्र्याच्या पेटीत ठेवतात आणि मतदानही दोन वेळा येतं. या डोंगरावर पहिल्यांदा शाळा सुरू करणारे, पावसाळ्यात ओढा उतरेपर्यंत पलीकडं थांबणारे आपले सर. ही माणसं आज सत्तरीत, ऐंशीत आहेत.

हे नुसतं हळवेपणानं बोलत नाही. ज्या तालुक्यात जमिनीच्या पट्ट्याचा प्रश्न घरोघरी आहे, तिथं म्हाताऱ्या माणसाचं बोलणं हा कागद असतो. वनहक्क कायद्याच्या नियमांत दावेदार सोडून गावातल्या वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाब पुरावा म्हणून धरतात. इतर पारंपरिक वननिवासींना तर पंचाहत्तर वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. कोणती विहीर कोणी खोदली, देव कुठं होता, मसणवट कुठं, पहिली नांगरट कोणत्या साली, हे सांगणारं माणूस गेलं की तो पुरावाही गेला. मोबाईलवरचं रेकॉर्डिंग म्हणजे कायदेशीर जबाब नव्हे. पण त्यावरून जबाब लिहिता येतो, नावं जुळवता येतात, आणि कोणाला विचारायचं ते तरी कळतं.

म्हणून मागणी अशी. प्रत्येक बॅचनं वर्षात पाच माणसं टिपावीत. माहितीपट काढायचा नाही, फक्त टिपायचं. पद्धत सोपी आहे. फोन आडवा धरा. पंखा बंद करा, टीव्ही बंद करा. माणसाला त्याच्या नेहमीच्या जागी बसू द्या. त्याच्या भाषेत बोलू द्या. गोंडीत, कोलामीत, गोरमाटीत, मराठवाडीत. 'शुद्ध बोला' म्हणू नका. एक प्रश्न विचारा आणि गप्प बसा. आपल्याला गप्प बसणं जमत नाही, पण चांगल्या पटांतली निम्मी कमाई त्या गप्प बसण्याचीच असते. सुरुवातीला नाव, गाव, तारीख मोठ्यानं बोला. दोन ठिकाणी प्रत ठेवा, एक शाळेत. साठवण, क्रम लावणं आणि शोधता येईल अशी यादी करणं हे काम माझं.

आणि परवानगी घ्या. बुंदेलखंडातल्या दलित बायकांच्या 'खबर लहरिया' या वृत्तसंस्थेवर 'रायटिंग विथ फायर' हा सुंदर पट आला, २०२२ मध्ये ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. तेव्हा त्याच बायकांनी जाहीर सांगितलं की यात आमची एकच बाजू दिसते, आमचं काम यापेक्षा मोठं आहे. जगभर कौतुक होत असताना हे म्हणायला धीर लागतो. आपण टिपू ती माणसं तर आपलीच काकी, मामा, आजी. त्यांना रेकॉर्डिंग आधी दाखवायचं, नको म्हणाली तर पुसायचं, आणि विचारल्याशिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचं नाही.

दुसरी छोटी विनंती मुख्याध्यापकांना. आम्ही माजी विद्यार्थी एक प्रोजेक्टर देतो आहोत. महिन्याच्या एका शनिवारी मुलांना एक पट दाखवावा. रेंजची अडचण आहे हे माहीत आहे, म्हणून फुकट आणि खुले असलेले पट आधीच उतरवून, कायदेशीर परवानगी असेल तेवढेच, देण्याची जबाबदारी आमची. पहिला 'आय अ‍ॅम ट्वेंटी' दाखवा. झाल्यावर मुलांना विचारा, तुला काय वाटतं? आणि उत्तर कसंही आलं तरी रागावू नका.

पहिलं रेकॉर्डिंग आजच करायचं ठरलंय. आपल्या गणिताच्या सरांनी हो म्हटलं आहे. जेवणानंतर, सातवीच्या वर्गात. प्रश्न एकच विचारणार आहोत, 'सर, तुम्ही पहिल्यांदा हा घाट चढून आलात, त्या दिवशी काय झालं?' ज्यांना ऐकायचंय त्यांनी या. फोन बंद ठेवा, आणि मधे बोलू नका.